कॉर्मोरंट: बारीक रेषांचा सेरिफ टाइप कोठे आणि कसा वापरावा

लग्नपत्रिकेवरील वधूवरांची इंग्रजी नावे, अनुवादित कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ, दागिन्यांच्या पेढीची जाहिरात, कलादालनातील प्रदर्शनाचे निमंत्रण अशा ठिकाणी उंच दांड्यांचा, टोकदार आणि अतिशय सडपातळ असा एक रोमन टाइप अलीकडे वारंवार दिसतो. पुष्कळदा तो कॉर्मोरंट असतो. तो विनामूल्य मिळतो, पाहताक्षणी भावतो, आणि म्हणूनच जेथे तो चालण्यासारखा नसतो तेथेही सर्रास लावला जातो. नऊ पॉइंटांत (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) जुळवलेला कार्यालयाचा पत्ता, पडद्यावर फिकट करड्या रंगात टाकलेले परिच्छेद, गडद निळ्यावर रिव्हर्समध्ये, म्हणजे कागदाचा पांढरा रंग अक्षरांत राखून, छापलेली मुहूर्ताची वेळ अशी त्याची नमुनेदार उदाहरणे आहेत. अक्षरे वाचता येत नाहीत तेव्हा दोष छपाईवर ढकलला जातो. वास्तविक हा टाइप मोठ्या आकारासाठीच घडवलेला आहे आणि त्याच्या रेषेची जाडी त्या आकाराच्या हिशेबाने ठरलेली आहे. हा हिशेब एकदा नीट समजला की टाइप निवडण्यापासून छापखान्यात फाइल पाठवण्यापर्यंतचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

टाइपची घडण

रोमन अक्षराच्या दांडीच्या टोकाशी जी लहानशी आडवी पट्टी किंवा निमुळते टोक असते त्याला सेरिफ म्हणतात. टाइम्स रोमनमध्ये ते आहे, एरियलमध्ये नाही. कॉर्मोरंट हा सेरिफ टाइप क्रिस्टियन थालमान यांनी कॅथार्सिस फॉन्ट्स या आपल्या नाममुद्रेखाली रेखाटला आणि २०१५च्या सुमारास गूगल फॉन्ट्सच्या पाठबळाने तो सर्वांसाठी खुला झाला. त्यामागची प्रेरणा सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये पोलादी पंच, म्हणजे ज्यांवरून खिळ्यांचे साचे पाडतात ते ठसे, कोरणाऱ्या क्लोद गारामाँ यांच्या अक्षरांची आहे. गारामाँ १५६१ मध्ये वारले. त्यांच्या हातचे काही पंच आणि साचे अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत. थालमान यांनी मात्र जुन्या छापील पानांवरून अक्षरे गिरवली नाहीत. गारामाँच्या अक्षरांचे चलन मनात ठेवून त्यांनी नवी अक्षरे काढली आणि ती मुळापासून मोठ्या आकाराच्या मथळ्यांसाठीच योजली.

हा फरक समजण्यासाठी संगणकावर एखादा शब्द शंभर पॉइंटांत टाकून तो सावकाश पाहावा. लहान (स्मॉल) लिपीतील ‘ए’ची खालची वाटी, म्हणजे आतली बंद पोकळी, अगदी चिमुकली आहे, ‘ई’चा डोळाही तसाच, जेमतेम उघडलेला. सेरिफची टोके पात्यासारखी धारदार आहेत आणि उभी दांडी सेरिफला मिळते तेथे जाडी हळूहळू उतरत जाते. ‘डी’, ‘एच’, ‘एल’ यांच्या दांड्या वर बऱ्याच उंच जातात, तर एक्स-हाइट, म्हणजे दांडी नसलेल्या लहान अक्षरांची उंची, पुष्कळ कमी आहे. या टाइपचा डौल मुख्यतः या प्रमाणातून येतो. उंच दांड्यांमुळे ओळीला वर मोकळी हवा मिळते आणि लहान वाट्यांमुळे अक्षराचा पांढरा भाग आतून बाहेर सरकतो. त्याची किंमतही त्याच प्रमाणात दडलेली आहे: बारा पॉइंटांतला कॉर्मोरंट साधारण दहा-साडेदहा पॉइंटांच्या टाइम्सएवढाच दिसतो, आणि आकार लहान केला की त्या चिमुकल्या वाट्या सर्वांत आधी बुजतात.

या कुळात लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशा पाच जाड्या आहेत आणि मूळ संचात नऊ रूपे मिळून पंचेचाळीस फॉन्ट-फाइली आहेत. त्यांपैकी नेहमीच्या कामाला तीन-चार रूपे पुरतात. नुसत्या ‘कॉर्मोरंट’ या रूपात वाट्या सर्वांत लहान आहेत. ‘कॉर्मोरंट गॅरामंड’मध्ये त्या थोड्या मोठ्या केलेल्या आहेत. ‘एससी’ रूपात लहान लिपीच्या जागी छोटी कॅपिटल अक्षरे येतात. ‘इन्फंट’मध्ये ‘ए’ आणि ‘जी’ शाळेत गिरवतात तसे एकमजली आहेत. ‘अपराइट’ हे उभे इटॅलिक आहे. ‘युनिकेस’मध्ये लहान-मोठ्या लिपींची सरमिसळ असून ते फार क्वचित शोभते.

मराठी नावे रोमन लिपीत लिहायची असतील तर माझी निवड ठाम आहे: ‘कॉर्मोरंट गॅरामंड’. आपली नावे रोमनमध्ये गेली की ‘ए’ हे अक्षर सारखे येत राहते. सदानंद, अलका, महाबळ, सातारा यांसारख्या शब्दांत स्वर जवळजवळ तेवढाच असतो. ज्या अक्षराची वाटी सर्वांत नाजूक तेच अक्षर एका नावात तीन-चार वेळा आले, तर मूळ ‘कॉर्मोरंट’मध्ये नावभर काळे ठिपके पडल्याचा भास होतो. गॅरामंड रूपात वाटी मोकळी असल्यामुळे तोच शब्द समतोल दिसतो.

रेषेचा हिशेब

पूर्वी पंच कोरणारा कारागीर प्रत्येक आकारासाठी वेगळा पंच कोरत असे. लहान आकारात तो बारीक रेषा जरा जाड ठेवी, पोकळी वाढवी, अक्षरांमधले अंतर सैल करी. मोठ्या आकारात तेच अक्षर तो सडपातळ करी. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती ज्या सुबक देवनागरी खिळ्यांवर उभी राहिली, तेही हातकामाच्या याच परंपरेतले होते. १८८५ मध्ये लिन बॉइड बेंटन यांनी अमेरिकेत पंच कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या पद्धतीत एकाच मोठ्या आरेखनावरून यंत्राने निरनिराळ्या आकारांचे पंच कापता येऊ लागले आणि आकारागणिक बदल करण्याची सक्ती सुटली. संगणकाच्या बहुतेक फॉन्टमध्ये तर एकच बाह्यरेषा सहा पॉइंटांपासून सहाशे पॉइंटांपर्यंत जशीच्या तशी ताणली जाते. तेव्हा आकार आणि जाडी यांचे नाते सांभाळण्याचे जे काम कारागीर करत असे, ते आता टाइप वापरणाऱ्याच्या माथी आले आहे.

हिशेब साधा आहे. फॉन्टमधील अक्षर बहुधा एक हजार एककांच्या चौकटीत रेखाटलेले असते. समजा, एखाद्या लाइट टाइपची सर्वांत बारीक रेषा २० एककांची आहे. चाळीस पॉइंटांत ती ०.८ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.२८ मिलिमीटर जाड येईल. ही रेषा कोणताही बरा छापखाना स्वच्छ उमटवील. तेच अक्षर दहा पॉइंटांत जुळवले तर रेषा ०.२ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.०७ मिलिमीटर उरेल. ऑफसेटमध्ये पाव पॉइंटाखालची रेषा सामान्यतः भरवशाची धरत नाहीत आणि रिव्हर्समध्ये तर अर्धा पॉइंट तरी असावा असा संकेत आहे. पडद्यावरही हाच प्रकार होतो. साध्या मॉनिटरवर सोळा पिक्सेलच्या मजकुरात ही रेषा पिक्सेलच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते, म्हणून संगणक तिच्या जागी फिकट करडा रंग दाखवतो. चौसष्ट पिक्सेलच्या मथळ्यात ती सव्वा पिक्सेलची होते आणि खरी रेषा म्हणून दिसू लागते.

यावरून मी कागदासाठी पुढील मर्यादा पाळतो. लाइट जाडी चोवीस पॉइंटांच्या खाली आणू नये, आणि शक्य असल्यास छत्तीसच्या वरच ठेवावी. अठरा ते चोवीसपर्यंत रेग्युलर वापरावा. चौदा ते अठरापर्यंत मीडियम घ्यावा. त्याखाली कॉर्मोरंटचा आग्रह सोडून ईबी गॅरामंडकडे जावे. गेऑर्ग डुफनर यांनी सुरू केलेला हा टाइप १५९२ च्या एगेनोल्फ-बेर्नर नमुनापत्रकावर आधारलेला असून तोही विनामूल्य आहे. दोन्हींचे कूळ एकच असल्यामुळे मथळा आणि मजकूर परस्परांना परके वाटत नाहीत. पडद्यासाठी लाइट चाळीस पिक्सेलपासून पुढे आणि मीडियम अठ्ठावीसपासून पुढे ठेवावा. सलग वाचायच्या परिच्छेदांना हा टाइप लावूच नये.

जुळणी

मोठ्या आकारात अक्षरांमधले अंतर आपोआप अधिक वाटते. त्यामुळे लहान लिपीतील मथळा साठ पॉइंटांच्या पुढे गेला की अंतर थोडे, म्हणजे हजारात दहा-वीस एककांनी, कमी करावे. कॅपिटलमध्ये जुळवलेल्या ओळीला याच्या उलट वागणूक लागते. तेथे पन्नास ते शंभर एककांची मोकळीक दिली तरच उभ्या दांड्या एकमेकींना खेटत नाहीत आणि शब्दाला संथ लय येते. लहान लिपीतील अक्षरे दूर दूर पसरवण्याची जी टूम आहे ती या टाइपला मारक ठरते, कारण ‘एफ’ आणि ‘आय’ यांची जोडाक्षरे तुटतात आणि सडपातळ अक्षरांचा शब्द म्हणून बांध राहत नाही.

मोठ्या नावांमध्ये अक्षरजोड्या एकेक करून तपासाव्यात. वैद्य, वाघ, तावडे, यादव यांच्या आरंभीच्या रोमन कॅपिटल अक्षराला खाली पोकळी असते. पुढचा ‘ए’ त्या पोकळीत किती सरकतो यावर नावाचे रूप अवलंबून असते. जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टमधील मूळ अंतराची सोय चालू ठेवावी, आणि नाव पन्नास पॉइंटांच्या वर असेल तर डोळ्यांनी पाहून हाताने दुरुस्ती करावी. पान उलटे धरून पाहिले की शब्दाचा अर्थ बाजूला राहतो आणि फटी लगेच नजरेत भरतात.

आकड्यांकडे दुर्लक्ष होते, पण निमंत्रणात तारीख, वेळ आणि दूरध्वनी हाच कामाचा भाग असतो. कॉर्मोरंटमध्ये दोन प्रकारचे आकडे आहेत: एक, सर्व समान उंचीचे, दुसरे, लहान लिपीप्रमाणे काही वर डोकावणारे आणि काही खाली उतरणारे. वाक्याच्या मध्ये येणारे वर्ष दुसऱ्या प्रकारात सुरेख मिसळते. कॅपिटलच्या ओळीत, दूरध्वनी क्रमांकात किंवा दरपत्रकात मात्र पहिलाच प्रकार घ्यावा. रुपयाचे चिन्ह असेल तर ते त्याच टाइपमधून आले आहे की दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसने आले आहे, हे मोठे करून पाहावे. २०१० मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेले हे चिन्ह सगळ्याच रोमन टाइपांत असते असे नाही आणि उसने आलेले चिन्ह लाइट अक्षरांमध्ये दाट काळे उठून दिसते.

आपल्याजवळ ज्या जाडीची किंवा ज्या इटॅलिकची फाइल नाही ती केवळ बटण दाबून मागू नये. अशा वेळी सॉफ्टवेअर किंवा ब्राउझर अक्षराभोवती कृत्रिम जाडी चढवतो अथवा ते नुसते तिरके करतो, आणि थालमान यांनी मोजूनमापून उतरवलेली रेषा सगळीकडे सारखीच फुगते. कॉर्मोरंटचे खरे इटॅलिक वेगळे रेखाटलेले आणि फार देखणे आहे. ओळीत एखादा शब्द त्यात ठेवला तरी पुरतो.

देवनागरीची सोबत

कॉर्मोरंटमध्ये देवनागरी नाही. मराठी माणसाच्या कामात दोन्ही लिपी बहुधा एकाच कागदावर येतात, म्हणून या टाइपचा खरा कस तेथेच लागतो. देवनागरीला सेरिफ नसतात आणि ओढूनताणून चिकटवलेले शोभतही नाहीत. बोरूची टोकाची काप रोमन लेखणीच्या उलट दिशेची असते. त्यामुळे ज्या दिशेची तिरकी रेषा रोमनमध्ये जाड येते त्याच दिशेची देवनागरीत बारीक येते. दोन लिपींची जोडी जमवताना सेरिफऐवजी तीन गोष्टी जुळवाव्यात: सर्वांत बारीक रेषेची जाडी, जाड आणि बारीक रेषांतील फरक, आणि दुरून पाहिल्यावर दिसणारा ओळीचा एकंदर करडेपणा.

मोठ्या आकारासाठी मार्टेल ही चांगली जोड आहे. त्याची देवनागरी डॅन रेनॉल्ड्स यांनी रेखाटली असून त्यात अगदी बारीक जाडीपासून भरभक्कम जाडीपर्यंत सात पायऱ्या आहेत. त्यातील सर्वांत बारीक दोन पायऱ्या कॉर्मोरंट लाइटच्या शेजारी ठेवून पाहाव्यात आणि जी ओळीचा रंग सारखा ठेवते ती घ्यावी. इंडियन टाइप फाउंड्रीचा हलंत लाइट हाही विचारात घेण्याजोगा आहे. लहान मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी मला सर्वाधिक पसंत आहे. तो एकाच जाडीत असला तरी त्याची रेषा जुन्या छापील पुस्तकांची आठवण देणारी, भरीव आणि शांत आहे, आणि तो मराठी वळणाचाच असल्यामुळे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यात सरळ मिळतात. इतर अनेक देवनागरी फॉन्टांत मराठी रूपे आतमध्ये असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. म्हणून जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची भाषा आणि संकेतस्थळावर पानाची भाषा मराठी ठेवावी. हिंदी वळणाच्या ‘ल’ने छापलेली ‘लक्ष्मी’ चूक नसली तरी आपल्या डोळ्यांना परकी वाटते.

आकाराचा मेळ पॉइंट पाहून लागत नाही. दोन्ही लिपी एकाच आकड्यात ठेवल्या तर कॉर्मोरंटची लहान अक्षरे देवनागरीपुढे खुजी पडतात. ‘नमन’ हा शब्द आणि त्याचेच रोमन रूप शेजारी ठेवावे. शिरोरेषेपासून पायापर्यंतची देवनागरी उंची रोमनच्या एक्स-हाइटपेक्षा थोडी जास्त आणि कॅपिटलपेक्षा थोडी कमी येईपर्यंत रोमन आकार वाढवत न्यावा. बहुधा रोमन दहा ते वीस टक्क्यांनी मोठे ठेवावे लागते.

देवनागरीची अक्षरे कधीही पसरवू नयेत. शेजारच्या रोमन कॅपिटलना मोकळीक दिली म्हणून तीच मोकळीक देवनागरीला दिली, तर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द विस्कटतो. देवनागरी ओळीला रुंदी हवी असेल तर शब्दांमधील अंतर किंचित वाढवावे अथवा आकार वाढवावा. ओळींमधील अंतरही देवनागरीच्या गरजेने ठरवावे, कारण वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि ऋकार उतरतात. रोमन मथळ्याला आकाराच्या एकपट ते सव्वापट अंतर पुरते, तेथे देवनागरीला दीडपटीपर्यंत जावे लागते.

फॉन्ट पक्का करण्यापूर्वी त्यात काही अवघड शब्द टाकून पाहावेत: श्रीकृष्ण, विठ्ठल, दृष्टी, ज्ञानेश्वरी, कऱ्हाड, कॅलेंडर, ऑक्टोबर. बारीक जाडीच्या देवनागरीत ‘ठ्ठ’ची वरची आणि खालची गोलाई एकमेकींत मिसळते का, ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ नीट जुळतो का, ‘ऑ’वरचा चंद्र शिरोरेषेला चिकटतो का, हे यातून लगेच कळते.

एक पत्रिका, प्रत्यक्ष

पाच बाय सात इंचांची दोन भाषांतील लग्नपत्रिका घेऊ. वर ‘श्री गजानन प्रसन्न’ ही ओळ टिरो देवनागरी मराठीत बारा पॉइंटांत, मध्यावर ठेवावी. त्याखाली पुरेशी जागा सोडून वर आणि वधू यांची देवनागरी नावे मार्टेलच्या बारीक जाडीत तीस पॉइंटांत, आणि त्यांच्याखाली रोमन नावे कॉर्मोरंट गॅरामंड लाइटमध्ये छत्तीस पॉइंटांत घ्यावीत. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ ही संबोधने नावांच्या आकारात जुळवू नयेत. ती टिरोमध्ये तेरा-चौदा पॉइंटांत नावाच्या आधीच्या ओळीवर ठेवली की नावे मोकळी उभी राहतात. दोन नावांच्या मधले रोमन जोडचिन्ह (&) इटॅलिकमधून घ्यावे, कारण या टाइपमधील सर्वांत सुंदर आकारांपैकी तो एक आहे आणि पत्रिकेत वेगळ्या नक्षीची गरज भासू देत नाही.

‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून पुढचा सर्व मराठी मजकूर टिरोमध्ये साडेअकरा-बारा पॉइंटांत, सतरा-अठरा पॉइंटांच्या ओळींवर बसवावा. इंग्रजी तपशील ईबी गॅरामंडमध्ये बारा-साडेबारा पॉइंटांत घ्यावा. मुहूर्त, वार, तारीख आणि कार्यालयाचा पत्ता या चार गोष्टी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला चष्म्याशिवाय नसल्या तरी चष्म्यासह दिव्याच्या उजेडात सहज वाचता आल्या पाहिजेत. त्यांच्या बाबतीत नाजूकपणाला थारा देऊ नये. दोन्ही बाजूंचा समास पाऊण इंचाहून कमी करू नये. बारीक टाइपचे सौंदर्य त्याच्या सभोवतालच्या कोऱ्या जागेवर जगते, आणि वेलबुट्टीच्या चौकटीत तो गुदमरतो. पत्रिकेला नक्षीदार चौकट हवीच असेल तर टाइप बदलावा, हा माझा सरळ सल्ला आहे.

पुस्तकाच्या मुखपृष्ठाला हीच शिस्त लागू पडते, फक्त तेथे आणखी एक कसोटी असते. पुस्तक विकणाऱ्या संकेतस्थळावर मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. त्या आकारात लाइट शीर्षक पार विरून जात असेल तर सेमीबोल्डपर्यंत जाण्यास हरकत नाही. अक्षरांची ठेवण तीच राहते. दारावरच्या पितळी पाटीवर कोरण्यासाठी किंवा लेझरने ॲक्रिलिक कापण्यासाठी लाइट मुळीच देऊ नये. कोरणीत बारीक रेषा उथळ राहून मळाने बुजते आणि कापलेली बारीक टोके तुटतात. रस्त्यावरून वाचायच्या फलकावर तर दुरून फक्त उभ्या दांड्या दिसतात आणि अक्षरे तुटक वाटतात.

कागद, शाई आणि पडदा

अक्षर जितके बारीक तितका कागद गुळगुळीत हवा, ही गोष्ट छपाईच्या इतिहासात इंग्लंडमधील मुद्रक जॉन बास्करव्हिल यांनी ठळकपणे दाखवली. बर्मिंगहॅममध्ये १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापताना त्यांनी टाइपबरोबरच कागद आणि शाई यांवरही मेहनत घेतली आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. आजही खरखरीत हातकागदावर लाइट टाइप स्क्रीन प्रिंटिंगने छापला, तर कागदाच्या खळग्यांत रेषा तुटते. हातकागदाचाच हट्ट असेल तर रेग्युलर किंवा मीडियम घ्यावा. बिनलेपाच्या कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे काळी अक्षरे किंचित जाड होतात आणि ते बारीक टाइपला सोसते. रिव्हर्समध्ये मात्र तीच शाई पांढऱ्या रेषेत शिरून ती बुजवते.

रंग निवडताना बारीक अक्षरे एकाच शाईत छापली जातील असे पाहावे. शंभर टक्के काळा, किंवा स्वतंत्र तयार केलेला एखादा गडद रंग सर्वांत सुरक्षित. चार रंगांच्या मिश्रणातून तपकिरी अथवा करडा केला, तर रेषा जाळीच्या ठिपक्यांनी बनते आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचे एकमेकांवर अचूक बसणे, केसाएवढे हलले तरी कडेला लाल-निळी झालर दिसते. सोनेरी फॉइलसाठी छापणाऱ्याला आधी विचारून कमीत कमी रेषा किती ठेवावी हे ठरवावे आणि नावांपुरताच फॉइल वापरावा. फॉइलमध्ये दोन विरुद्ध अडचणी एकाच कार्डावर येतात: ‘ई’चा डोळा भरून जातो आणि सेरिफची टोके उमटतच नाहीत.

पडद्यावर अक्षराचा रंग पार्श्वभूमीपासून नीट वेगळा ठेवावा. सुलभतेच्या प्रचलित निकषांत सामान्य मजकुराला ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ एवढा तफावतीचा दर सांगितलेला आहे. लाइट टाइप मोठा असला तरी त्याला पहिलाच दर लावावा, कारण बारीक रेषा पडद्यावर आधीच फिकी झालेली असते. नव्या फोनच्या दाट पिक्सेलांवर ही अक्षरे पुष्कळदा कार्यालयातील जुन्या मॉनिटरपेक्षा स्वच्छ दिसतात. शिवाय एकच फॉन्ट मॅकवर किंचित जाड आणि विंडोजवर किंचित बारीक भासतो. म्हणून रचना पक्की करण्यापूर्वी ती एका साध्या विंडोज संगणकावर आणि एका साध्या अँड्रॉइड फोनवर, तोही उन्हात धरून, पाहावी. पान लवकर उघडावे यासाठी दोनच जाड्यांच्या फाइली जोडाव्यात.

परवान्याची काळजी थोडक्यात मिटते. कॉर्मोरंट ‘सिल ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखाली मिळतो. व्यावसायिक कामासाठी, छपाईसाठी आणि संकेतस्थळासाठी तो विनामूल्य वापरता येतो, त्यात बदलही करता येतात. मात्र तो फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही.

छापखान्यात पाठवताना

अंतिम रचना प्रत्यक्ष आकारात, शक्यतो त्याच कागदावर, एकदा छापून पाहावी. संगणकावर मोठे करून पाहिलेली रचना बारीक टाइपच्या बाबतीत हमखास फसवते. प्रूफ हातभर अंतरावर धरावे आणि रात्रीच्या दिव्यात वाचावे, कारण बहुतेक पत्रिका संध्याकाळी घरात उघडल्या जातात.

पीडीएफ करताना फॉन्ट आतमध्ये बसवलेले आहेत याची खात्री करावी. छापखाना मूळ फाइल मागत असेल तर अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टची गरज नसलेल्या नुसत्या आकृत्यांत, रूपांतर करून द्यावे, अन्यथा तेथील संगणकावर तो फॉन्ट नसल्यास दुसराच फॉन्ट येऊन बसतो आणि देवनागरीची जोडाक्षरे सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. कर्व्ह केल्यावर काही पडद्यांवर अक्षरे थोडी जाड भासतात. त्यामुळे घाबरून रेषा कमी करू नये, आणि उलट अक्षरे ठळक दिसावीत म्हणून भोवती बाह्यरेषाही चढवू नये. जुळारी आपणहून असा बदल करणार नाही, हे त्याला फाइलसोबत लेखी कळवावे. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, आणि नावे, तारीख व दूरध्वनी क्रमांक दोन्हीकडच्या मंडळींकडून तपासून घेतल्यानंतरच कर्व्ह करावे.